पुढच्या डाव्या चाकाचं दुखणं

मंगळवार, १७ ऑक्टोबर १९७२. दसरा.

जीपची पूजा झाली. दादाने घाई केली. त्याला मोहट्याच्या देवीला जाणारं भाडं मिळालं होतं. आरती चालू असताना त्याने दोनदा हॉर्न वाजवला. दुसऱ्यांदा आई म्हणाली, देवी बहिरी न्हाई आणि मीबी न्हाई.

गेल्या दसऱ्याला पूजेचं साहित्य बॉनेटवरच राहिलं होतं. करंजीच्या घाटात सुपाऱ्या आणि हळकुंड उडून रस्त्यावर पडलं. कुणाचा पाय लागला असेल, वरून बैलगाडी गेली असेल. आणि यंदा पाऊस नाही. दोन्हींचा संबंध आहे असं मी म्हणत नाही. पण नाही असंही खात्रीने म्हणवत नाही.

म्हणून यंदा आधीच विचार केला. सीटखाली ठेवावं तर माणसांचे पाय. पुढच्या कप्प्यात दादाच्या विड्या. शेवटी जागा सापडली. चाकाच्या मधोमध पत्र्याची वाटी असते, उपडी बसवलेली. उलथन्याने उचकटली की निघते, तळहाताने ठोकली की बसते. तिथे कुणाचा पाय जात नाही. पाच सुपाऱ्या मोहट्याच्या, एक हळकुंड, आपट्याची पानं आणि अप्पांचा जुना ढब्बू पैसा, सगळं पुढच्या डाव्या चाकाच्या वाटीत ठेवलं. डाव्या, कारण त्या बाजूला वहिनी बसेल.

कुणाला सांगितलं नाही. दादा हसला असता, आणि हसलेल्या गोष्टीचं पुण्य जातं.

वहिनीचं असं आहे. पहिलं बाळंतपण, माहेरी व्हायचं. पण तिच्या माहेरचे सगळे दिवाळीच्या सुमारास ऊस तोडायला निघणार, घरी म्हातारा कुत्रा तेवढा राहणार. शिवाय पाथर्डीच्या डॉक्टरांनी सांगितलंय की मूल पायाळू दिसतं, कळा लागल्या की वेळ न घालवता नगरला मोठ्या हॉस्पिटलात न्या. आमच्या वस्तीवरून नगरला जायला दुपारची एक एसटी आणि आमची जीप. मी वहिनीला म्हटलंय, जीपची काळजी माझ्यावर सोड.

चौथीपर्यंत वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, मला घरीच शिकवलं. पाटीवरच्या अक्षरांपेक्षा त्यांचं एक वाक्य जास्त लक्षात राहिलं: खात्री होईपर्यंत बोलू नये, आणि खात्री झाली की गप्प बसू नये. ते गेले तरी मी ते पाळते.

या वर्षीचा संकल्प: विनाकारण काळजी करायची नाही.

गुरुवार, १९ ऑक्टोबर.

आवाज येतो.

पुढच्या डाव्या चाकातून. तिसगावला रेशनची मिलो ज्वारी आणायला दादाबरोबर गेले होते. परत येताना वस्तीच्या कच्च्या रस्त्याला वळलो आणि ऐकू आलं. खुळ्, खुळ्, खट्. जरा थांबून पुन्हा तेच.

दादाला सांगितलं. तो म्हणाला, लष्कराच्या लिलावातली गाडी हाय, जन्मापासून बडबडी. मी म्हटलं, तिची नेहमीची बडबड मला पाठ आहे, हे नवीन आहे. मग तो शीळ घालायला लागला. आवाज ऐकू येऊ नये म्हणून माणूस शीळ घालतो, हे मी ओळखते.

अप्पांची पद्धत अशी, की काही बिघडलं तर आधी बघायचं, नवीन काय झालं. शांतपणे बसून विचार केला. टायर तेच. रस्ता तोच. ड्रायव्हर तोच. नवीन काहीही झालेलं नाही. म्हणजे जुनंच काहीतरी आतून गेलंय.

शनिवार, २१ ऑक्टोबर.

आज शास्त्रशुद्ध तपासणी केली. दादाला गाडी अगदी हळू चालवायला सांगितली आणि मी चाकाशेजारून वाकून, कान लावून चालले. शेजारच्या रानातला श्रीमंत बांधावरून बघत होता. त्याने विचारलं, ताई, काय पडलं का. मी मान हलवली. बोलले असते तर आवाज चुकला असता.

निष्कर्ष: गाडी हळू असली की आवाज येतो. डांबरी रस्त्याला लागून स्पीड घेतला की बंद होतो.

दादा म्हणाला, मग झालं तर, जोरातच चालवत जाऊ. त्याला कसं समजवावं? उघड दुखणं परवडलं. लपणारं दुखणं जास्त वाईट.

वहिनी ओट्यावर बसून हे सगळं बघत होती. नंतर मला म्हणाली, वन्सं, तुमी वाकून चालत हुत्या तवा बाळानं आतून लाथ मारली, बघायला यायचं असंल त्याला. ती हसते ते बरं आहे. तिला भीती वाटायला नको. भीती वाटायचं काम माझं.

सोमवार, २३ ऑक्टोबर.

जीप पाथर्डीला मच्छिंद्रकडे नेली. मच्छिंद्र म्हणजे फिटर. हात कायम तेलकट, तोंडात तंबाखू, आणि थुंकतो ते नेमकं चाकाजवळ. अशा माणसाच्या हाती देवीच्या सुपाऱ्या कशा लागू द्यायच्या? म्हणून उजाडायच्या आत उठून वाटी उचकटली, सगळं साहित्य रुमालात बांधलं आणि वाटी परत ठोकून बसवली. रुमाल प्रवासभर मांडीवर धरून बसले.

पाथर्डीपर्यंत गाडीने चकार शब्द काढला नाही.

मच्छिंद्रने जॅक लावला. चाक हलवलं, फिरवलं, त्यावर टिचक्या मारल्या. आधी म्हणाला स्प्रिंगच्या पाट्याचं असेल. मग म्हणाला पाटा धरणाऱ्या शॅकलचं असेल. चहा झाल्यावर म्हणाला, ताई, चाक लई निरोगी हाय, माझ्यापरीस. दादा त्याच्या पाठीवर थाप मारून हसला. दोघे लंगोटीयार आहेत. अशा ठिकाणी निदान नीट होत नाही.

घरी आल्यावर हात-पाय धुतले, दिवा लावला आणि साहित्य पुन्हा वाटीत ठेवलं. त्याच्याशिवाय गाडी रस्त्यावर जाऊ देणं मला पटणार नाही.

आई सकाळपासून उलथनं शोधत होती. सापडलं तेव्हा टोक वाकडं. आईने वहिनीकडे बघितलं. वहिनी थालीपीठं दाबून उलटते हे खरं आहे. मी सांगणार होते, पण तेवढ्यात दूध उतू गेलं.

मंगळवार, २४ ऑक्टोबर.

आवाज परत आला. सकाळीच, अंगणातून गाडी काढताना. खुळ्, खुळ्, खट्.

आता मला कळलं. जीप मच्छिंद्रला ओळखते. बालवाडीत माझ्याकडे एक मुलगी आहे. घरी दहा गाणी म्हणते, पर्यवेक्षक बाई आल्या की तोंड शिवून बसते. हे तसंच आहे.

दादाला हे सांगितलं. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. पटलं असावं.

रविवार, ५ नोव्हेंबर. लक्ष्मीपूजन.

दिवाळी म्हणायची म्हणून म्हणायची. अंगणात दोन पणत्या. विहिरीत पाणी कमी म्हणून सडाही नाही. करंज्या मिलोच्या होत नाहीत, हे आईने करून पाहिलं.

दुपारी वहिनीची आई कडूबाई आल्या. मुकादमाचा ट्रक उद्या निघणार, म्हणून लेकीला भेटायला. वहिनीच्या केसांना तेल लावून दिलं. निघताना मला बाजूला घेतलं. त्या सहसा माझ्याशी बोलत नाहीत, मी शिकलेली म्हणून लाजतात. आज माझा हात धरला आणि म्हणाल्या, "पोरी, माझं पयलं पोर पायाळूच हुतं. वाटंतच गेलं. बैलगाडी हुती आमची. तुमच्याकडं गाडी हाय म्हून मी ऊस तोडाया चालले, न्हाईतर हलले नसते."

मी म्हटलं, मामी, गाडीचं मी बघते.

त्या गेल्यावर जीपजवळ जाऊन उभी राहिले. उभी असताना तिचा आवाज येत नाही. तरी मी ऐकत राहिले.

आता हे माझं एकटीचं वेड राहिलेलं नाही. ही जबाबदारी आहे.

गुरुवार, ९ नोव्हेंबर.

आज नगरपर्यंत जीपमधून गेले. बालवाडीचं सामान आणायचं निमित्त. खरं म्हणजे घाटात चाक कसं वागतं ते ऐकायचं होतं.

तिसगावहून छबूबाई चढल्या, डोळे तपासायला निघालेल्या. त्यांच्यामागे आणखी चार माणसं. छबूबाई माझ्याशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, गाडी बरी हाय नव्हं? आता विचारल्यावर खोटं कसं बोलायचं? मी एवढंच म्हटलं की, पुढच्या डाव्या चाकात काहीतरी आहे, काय ते अजून समजलेलं नाही, घाटात समजेल.

छबूबाई उतरल्या. बाकीचे चौघेही उतरले. एसटीची वाट बघत चिंचेखाली जाऊन बसले.

दादाने करंजीपर्यंत गाडी दामटली. मग म्हणाला, मुक्ते, उद्यापासून तू गाडीत बसू नको. मी म्हटलं, मी खोटं बोलू का? तो म्हणाला, खोटं नको बोलू, बोलूच नको.

घाटात आवाज आला नाही. मेहेकरीच्या पुढे, खडी फोडायच्या कामावरची माणसं रस्ता ओलांडत होती म्हणून गाडी हळू केली, तेव्हा आला. दादालाही ऐकू गेला. त्याचा कान हलला, मी पाहिलं.

शुक्रवार, १० नोव्हेंबर.

संकल्प: चाकाबद्दल एक अक्षर बोलायचं नाही.

दुपारी. जेवताना दादाने विचारलं, भाकरी कडक का झाली. मी म्हटलं, आतून काहीतरी गेलंय. तो ताट घेऊन ओट्यावर गेला. मी भाकरीबद्दलच बोलत होते.

सोमवार, १३ नोव्हेंबर.

दादा नमला. म्हणाला, तुझ्या मनाची शांती व्हावी म्हणून चाक बदलतो. पुढचं डावं काढून स्टेपनी चढवतो, मग तरी गप बसशील.

चाक बदलायच्या आधी साहित्य काढून घेतलं. बदलल्यावर संध्याकाळी वाटीत परत ठेवलं. दादाला वाटीवर ओरखडे दिसले. म्हणाला, कुणीतरी उचकटायला बघतंय, दिवस वाईट आलेत, माणसं पत्रासुद्धा सोडत न्हाईत. म्हणून रात्री तो जीपमध्येच झोपणार आहे. थंडी आहे, मी त्याला माझी गोधडी दिली.

बुधवार, १५ नोव्हेंबर.

मी म्हणत होते तेच.

आवाज आहेच, आणि आता चाक थरथरतंही. डांबरी रस्त्यावर स्पीड वाढला की स्टिअरिंग दादाच्या हातात असं नाचतं की त्याला बिडी पेटवता येत नाही. वहिनीला तपासणीला पाथर्डीला नेलं, ती पोटाखाली दोन्ही हात धरून बसली होती. म्हणाली, वन्सं, बाळ आत दळाया बसल्यासारखं वाटतंय.

दादा म्हणतो, स्टेपनीच्या टायरला गाठ आलीय, ती मागे टांगलेली होती तेच बरं होतं, जुनं चाक लावू. मी म्हटलं, दुखणं वाढलं की माणूस औषधाला दोष देतो. आधी नुसता आवाज होता, आता कंप. दुखणं पुढे सरकतंय. टायर हे वरचं कातडं झालं. बिघाड आत आहे. बेअरिंगमध्ये.

बेअरिंग हा शब्द मला मच्छिंद्रकडून मिळाला. त्याने तो सहज वापरला होता, मी लक्षात ठेवला.

डॉक्टर म्हणाले, मूल अजून पायाळूच. अजून पंधरा-वीस दिवस आहेत म्हणाले. म्हणजे वेळ आहे.

सोमवार, २० नोव्हेंबर.

जीप पुन्हा मच्छिंद्रकडे. अर्थातच त्याआधी साहित्य काढलं. रस्त्यात कंप होता, आवाज नव्हता. आज तो कंपाआड लपला होता.

मच्छिंद्र म्हणाला, टायर बदला. मी म्हटलं, बेअरिंग उघडा. तो म्हणाला, बेअरिंग चांगलं हाय. मी विचारलं, न उघडता कसं कळलं. तो म्हणाला, तुमाला न उघडता कसं कळलं. यावर दादा हसला.

मी रडले नाही. मच्छिंद्रच्या गॅरेजात धूळ फार. मी फक्त एवढं म्हटलं, की कडूबाईंचं एक मूल वाटेतच गेलंय, आणि मी त्यांना शब्द दिलाय. मग दोघेही हसायचे थांबले. मच्छिंद्र तंबाखू थुंकून म्हणाला, गुरुवारी वस्तीवर येतो, सगळं खोलून दावतो ताईला.

घरी येताना दादा म्हणाला, मुक्ते, तू अप्पांसारखी हाईस. मला बरं वाटलं. नंतर लक्षात आलं, अप्पांना तो लहानपणी फार भीत असे.

गुरुवार, २३ नोव्हेंबर.

मच्छिंद्र आला. साहित्य मी पहाटेच काढून रुमालात ठेवलं होतं. जीपच्या पुढच्या बाजूला दगडांची चळत लावली, चाक काढलं, आतलं सगळं काढलं. बेअरिंग रॉकेलमध्ये धुऊन माझ्या हातावर ठेवलं. चकचकीत. म्हणाला, बघा, नव्या नवरीसारखं हाय.

मी बराच वेळ फिरवून पाहिलं. कानाशी धरून ऐकलं. काहीच नव्हतं. पण एवढं चकचकीत असणं हेच मला बरं दिसेना.

मी म्हटलं, नवं आणू. दादा उद्या दुपारच्या एसटीने नगरला जाऊन आणेल, तोवर उघडं राहू दे. मच्छिंद्र कपाळाला हात लावून, ग्रीससकट, निघून गेला. दादाही वाद घालून थकला होता. आई म्हणाली, दिवस भरत आलेली सून घरात आणि गाडी दगडावर, हे मला बरं दिसत न्हाई. मी तिला समजावलं, डॉक्टरांनी दिवस दिलेत, अजून अवकाश आहे. डॉक्टर शिकलेले असतात.

शुक्रवार, २४ नोव्हेंबर. सकाळ.

वहिनीला कळा सुरू. जीप दगडावर. चाक अंगणात आडवं.

मला लिहायला वेळ आहे, कारण दादा म्हणाला, तू कशाला हात लावू नको.

तोच बसवतोय. श्रीमंत मदतीला आलाय. जुनं बेअरिंग, जुनं चाक. एक नट सापडत नव्हता, तो माझ्याच मुठीत निघाला. तपासत होते.

आई आत वहिनीजवळ. वहिनी ओरडत नाही. ओरडली तर बरं होईल.

तोच दिवस. दुपार. नगर, हॉस्पिटलचा व्हरांडा.

आणलं. तिला आत घेतलंय.

निघताना एक घोटाळा झाला. दादाने चाकाची वाटी ठोकून बसवली आणि साहित्य माझ्या हातात रुमालात तसंच. मी म्हटलं, दादा, एक मिनिट, वाटी पुन्हा काढू दे. तो काही बोलायच्या आत आई म्हणाली, "मुक्ते, गाडीत बस." आईचा असा आवाज मी अप्पा गेले त्या दिवशी ऐकला होता. बसले. रुमाल पदराला बांधला.

म्हणजे नेमकं आजच, नेमकं या प्रवासात, वाटी रिकामी.

वहिनीचं डोकं माझ्या मांडीवर. तिने माझा हात धरला तो अजून दुखतोय. करंजीपर्यंत मी चाक ऐकत होते. काही नाही. घाट चढलो. काही नाही. कंप नाही, आवाज नाही, नुसतं इंजिन. मेहेकरीजवळ माणसं रस्त्यात होती म्हणून गाडी हळू केली. हातोड्या थांबवून बायका बघत होत्या. तिथेही काही नाही. मला ती शांतता सोसवेना. वाटलं, आता तुटेल. आता निखळेल. आणि काही झालं तर ते चाक मी रात्रभर उघडं ठेवायला लावलं होतं.

दोन कळांच्या मध्ये वहिनी म्हणाली, "वन्सं, आज आवाज न्हाई."

मी म्हटलं, बोलू नको, दम साठव.

ती म्हणाली, "तुमी काईतरी बोला. तुमी गप बसल्या की मला भ्या वाटतं."

मग मी तिला बेअरिंग म्हणजे काय ते सांगत राहिले. भिंगारपर्यंत सांगितलं. तिने हुंकार दिले.

डॉक्टर आत जाताना दादाला म्हणाले, वेळेवर आणलंत, थोडा उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. दादा तेव्हापासून पायरीवर बसलाय. माझ्याकडे बघत नाही. त्याच्या हातांना अजून ग्रीस आहे.

संध्याकाळ.

मुलगी. पायाळूच आली. दोघी बऱ्या आहेत. रडते ती व्हरांड्यात ऐकू येते.

मी पाणी प्यायला नळावर गेले आणि बराच वेळ तिथेच थांबले. इथेही धूळ फार आहे.

रविवार, २६ नोव्हेंबर.

आता थोडं शांतपणे लिहिता येईल.

जीप पूर्ण बरी झाली. दादाने काल नगर-तिसगाव खेप केली. हळू चालवून पाहिली, जोरात चालवून पाहिली. एकदाही आवाज नाही. आज हॉस्पिटलात आला तेव्हा स्वतःहून म्हणाला, "तुझं खरं हुतं, मुक्ते. आत काईतरी हुतंच. उघडून बसवल्यावर गेलं." नर्ससमोर म्हणाला.

मी फार काही बोलले नाही. एवढंच म्हटलं की, बेअरिंगला मोकळी हवा लागली. कधीकधी तेवढंच पुरतं. गाडी दगडावर राहिली ते वाईट झालं, पण राहिली नसती तर आवाज गेला नसता, आणि आवाजासकट घाट चढलो असतो तर काय झालं असतं, कुणी सांगावं.

मच्छिंद्र म्हणे पाथर्डीत सांगत फिरतोय की हा त्याच्या हाताचा गुण. सांगू दे.

गुरुवार, ३० नोव्हेंबर.

वहिनी आणि बाळ घरी आली. जीपमधून, आवाजाशिवाय. मी पुढे बसले होते आणि प्रवाशांपैकी कुणी विचारलं असतं तर खुशाल सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही.

माझं नाव झालंय. श्रीमंतने त्याची सायकल आणली, मागून कट्कट् वाजते म्हणून. मी वाकून ऐकलं. आत काहीतरी आहे असं सांगितलं. त्याचं समाधान झालेलं दिसलं. विहिरीवरचं इंजिनही ऐकायला ये म्हणाला. छबूबाई परवा पुन्हा जीपमध्ये बसल्या. आधी दादाला विचारलं, तुमच्या बहिणीनं हो म्हटलंय ना?

साहित्य अजून रुमालातच आहे, देवाजवळ. वाटीत परत ठेवायला हवं. पण गाडी सारखी भाड्यावर, आणि आता आईने उलथनं कुलपात ठेवलंय. बारसं झालं की ठेवीन.

नवा संकल्प: आपल्या कानावर विश्वास ठेवायचा. आजवर फार संकोच केला.

मंगळवार, ५ डिसेंबर. बारसं.

गूळ घालून लापशी केली. पाहुणे थोडेच. श्रीमंत आला होता, मच्छिंद्र आला होता. बाळाचं नाव मोहना ठेवलं. नाव ठेवताच ती रडायला लागली आणि थांबेना. वहिनीने घेतलं, मी घेतलं, छबूबाईंनी घेतलं. पाळणा हलवला. काही उपयोग नाही.

आई म्हणाली, थांबा, खुळखुळा करते. अप्पांच्या दंतमंजनाचा रिकामा पत्र्याचा डबा तिने फळीवरून काढला, देवाजवळ जाऊन त्यात काहीतरी टाकलं, झाकण लावलं आणि पाळण्याशी येऊन हलवायला लागली.

खुळ्, खुळ्, खट्.

बाळ गप्प झालं.

दादा ओट्यावर लापशी खात होता. त्याचा हात तोंडापाशी थांबला. त्याने जीपकडे बघितलं. जीप चिंचेखाली उभी, आत कुणी नाही. मच्छिंद्र ताट ठेवून उठला, जीपजवळ गेला आणि पुढचं डावं चाक हलवून पाहू लागला. आवाज येतच होता. श्रीमंतही बघायला गेला.

आईचा हात दुखला. ती थांबली. आवाज थांबला.

बाळ रडलं. आईने पुन्हा हलवला. खुळ्, खुळ्, खट्.

मग सगळे हळूहळू आत आले आणि डब्याकडे बघत उभे राहिले. दादाने आईच्या हातातून डबा घेतला, झाकण काढलं, तळहातावर उपडा केला. पाच सुपाऱ्या, हळकुंड, आपट्याच्या पानांचा चुरा, ढब्बू पैसा. सुपाऱ्यांना काळं ग्रीस लागलेलं.

वहिनी हसायला लागली. पोट धरून. टाके दुखतात म्हणाली, तरी थांबेना. मच्छिंद्रने ढब्बू उचलला, वास घेतला आणि म्हणाला, हे माझ्या गॅरेजचं ग्रीस न्हाई, हे चाकातलं हाय. आई म्हणाली, मला काय ठाऊक, देवाजवळ मुक्तीच्या रुमालात बांधून हुत्या, मला वाटलं बारशासाठी ठेवल्यात.

दादाने माझ्याकडे बघितलं. मग अगदी हळू विचारलं, "मुक्ते, ह्या सुपाऱ्या दसऱ्यापासनं कुठं हुत्या?"

बाळ रडतच होतं. मी तिला घेतलं आणि मागच्या दारी आले. तिथे बसूनच हे लिहितेय. आत सगळे थांबलेत. दादाने लापशीला पुन्हा हात लावलेला नाही.

अप्पा सांगत, खात्री होईपर्यंत बोलू नये.

माझी अजून पूर्ण खात्री झालेली नाही.